रॉक संगीत, गिटारप्रधान

रॉक संगीत, गिटारप्रधान : विद्युत् गिटार हे मध्यवर्ती वाद्य असलेला पाश्चात्त्य जनप्रिय संगीताचा एक प्रकार. एक ते तीन विद्युत् गिटार, खर्जाची साथ करणारी बेस गिटार, ड्रमसंच आणि गायक असा चार-पाच जणांचा वृंद हे त्याचे रूढ स्वरूप होय. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत आणि त्यातून १९५० नंतर निघालेले रॉक अँड रोल ही त्याची उगमस्थाने. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिमी हेंड्रिक्स (१९४२–७०), एरिक क्लॅप्टन (१९४५–  ) प्रभृतींनी गिटारला गायकाच्या बरोबरीचे स्थान मिळवून दिले. १९७३ ते १९७७ ह्या पाच वर्षांत ह्या संगीताचा विस्तार परमावधीस पोहोचला आणि त्याच्याविरुद्धची प्रतिक्रियाही त्याच्याच पोटी जन्मास आली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ह्या कालखंडाचा विचार केला आहे.

ह्या काळात गिटार, विवर्धक, लाउडस्पीकर आणि ध्वनिमुद्रणाची फीत ह्यांची सलग साखळी हेच एक वाद्य बनले. वादकाची बोटे हा त्या साखळीचा केवळ पहिला दुवा होता. साखळी जसजशी लांब आणि महाग होत गेली, तसतसे हे वाद्य वाजविण्याची ऐपत कोणाची आणि त्यातून निघणाऱ्या संगीताचे श्रेय कोणाचे, हे दोन प्रश्न पुढे आले. ह्या पाच वर्षांतील बहुतेक वादांच्या मुळाशी हेच प्रश्न आढळतात.

विद्युत् गिटारच्या पोकळ नसलेल्या लाकडी अंगावर, तारांच्या खाली, चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असलेला पिकअप बसविलेला असतो. पोलादी तार छेडली असता चुंबकीय क्षेत्रात बदल होऊन वेटोळ्यात क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो. तोच विवर्धकात मोठा करून लाउडस्पीकरला पुरवितात. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरगुती विद्युत् प्रवाहाची घरघरही शिरते. गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर (१९१०–९७) ह्याने १९५५ मध्ये उलट दिशेने गुंडाळलेली दोन वेटोळी आणि उलट ध्रुवांची मांडणी योजून ती घरघर परस्परांत नाहीशी केली. ह्या दुहेरी पिकअपचा स्वर अधिक भरदार आणि विद्युत् दाब अधिक असल्याने तो विवर्धकावर जास्त भार टाकतो. ‘लेस पॉल’ ह्या गिब्सन गिटारीला सत्तरीच्या दशकात जी प्रतिष्ठा लाभली, तिचे हे एक प्रमुख कारण होय. फेंडर कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ (१९५४) एकेरी पिकअपची असून तिचा स्वर अधिक पातळ व धारदार असतो. त्या काळातील बहुतेक वादकांची ओळख ह्या दोहोंपैकी एका कुळाशी निगडित आहे.

विवर्धक हा साखळीतील खरा निर्णायक दुवा. इलेक्ट्रॉन नलिका, म्हणजे बोलीतील व्हॉल्व्ह, तिच्या मर्यादेपलीकडे चालविली, तर ती तरंगांचे माथे छाटून टाकते. छाटलेल्या तरंगात मूळ कंप्रतेच्या पटींतील अनेक उपस्वर नव्याने उपजतात; शिवाय जोराचा व हलका आघात ह्यांतील अंतर घटून स्वर बराच काळ टिकून राहतो. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष आहे, विकृती आहे. रॉकच्या वादकांनी ह्या दोषालाच गुण मानले. सतारीची वा सामान्य गिटारची तार छेडल्यावर स्वर लगेच विरू लागतो. विकृतीमुळे मात्र छेडलेली तार गजाने वाजविलेल्या तारेसारखी गाऊ लागते. पिंक फ्लॉइड ह्या वृंदाच्या ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) ह्या ध्वनिमुद्रिकेत डेव्हिड गिल्मर (१९४६–  ) ह्याने चार स्वरांच्या एका वाक्यावर प्रदीर्घ रचनेचा आरंभ उभा केला.

लंडनच्या पश्चिम भागातील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणाऱ्या जिम मार्शल (१९२३–२०१२) ह्याने १९६२ मध्ये एका फेंडर विवर्धकाच्या आराखड्यावरून आपला विवर्धक सिद्ध केला. ‘द हू’ ह्या वृंदाच्या मागणीवरून १९६५ मध्ये त्याने १०० वॉटचा विवर्धक बनविला. प्रत्येकी १२ इंची चार लाउडस्पीकरांच्या दोन पेट्या एकीवर एक ठेवून त्यांवर विवर्धक बसविण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली, आणि दशकभरात अशा पेट्यांची भिंत हे रॉकच्या रंगमंचाचे नेपथ्यच होऊन गेले. त्या भिंतीतील सर्वच पेट्या चालू असत असे मात्र नाही.

विकृतीमुळे रचनेचे व्याकरणही बदलले. तीन वा अधिक स्वर एकाच वेळी वाजविण्यास वादक कॉर्ड म्हणतात. विकृत करणाऱ्या विवर्धकातून दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या कंप्रतांच्या वजाबाकीचा तिसरा स्वरही ऐकू येतो. षड्ज ११० आणि पंचम १६५ कंप्रतेचा धरला, तर तिसरा स्वर ५५ कंप्रतेचा, म्हणजे षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्जच असतो. त्यामुळे केवळ दोन तारांतून प्रचंड घुमारा निर्माण होतो. त्यात गांधार मिसळताच चित्र पालटते. पडद्यांच्या गिटारीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने तिचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा १,२०० वा भाग) चढा असतो, तर पंचम अवघा २ सेंट उतरलेला असतो. पेटीचा गांधार चढा लागतो, ही हिंदुस्थानी गायकांची जुनी तक्रार येथेही लागू पडते. विकृतीमुळे हा फरक कित्येक पटींनी जाणवतो आणि स्वरांचा गोंधळ उडतो. म्हणून गांधार वगळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी वापरण्याचा प्रघात पडला. तिला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. अशा जोड्यांच्या आणि एकेका स्वराच्या लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्याला ‘रिफ’ असे नाव आहे. रागातील मुखड्याप्रमाणे रिफ श्रोत्याच्या कानात ठसते व रचना तिच्याभोवती फिरत राहते. गांधार नसल्याने अशा रचनेत हर्ष वा विषाद ह्यांपैकी कोणताही भाव नक्की होत नाही आणि तो ठरविण्याचे काम गायकाकडे जाते.

ह्या भारदस्त शैलीचा एक प्रवर्तक टोनी आयॉमी (१९४८–  ) हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा कामगार. १९६५ मध्ये, पत्रे कापण्याच्या कारखान्यातील कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने पडद्यांवर फिरणारा हात नेमका हाच होता. आगीत हात भाजूनही थोर वादक झालेल्या जँगो राइनहार्ट (१९१०–५३) ह्याची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याने पुन्हा उभारी धरली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली आणि त्यांवर चामडे चढविले. बोटांना ताण सोसवेना म्हणून त्याने बारीक तारा वापरल्या आणि पुढे त्या दीड स्वराने उतरवून लावल्या. ब्लॅक सॅबथ ह्या त्याच्या वृंदाचा काळोखी, खर्जातील नाद असा काही अंशी अपघातातून आला. ‘सॅबटाज’ (१९७५) ही ह्या वृंदाची आलोच्य काळातील महत्त्वाची ध्वनिमुद्रिका. हेवी मेटल ह्या नावाने पुढे वाढलेल्या शाखेचे मूळ बहुतेक समीक्षक ह्याच वृंदात शोधतात.

लेड झेपेलिन हा ह्या काळातील सर्वांत प्रभावी वृंद म्हणता येईल. त्याचा गिटारवादक व निर्माता जिमी पेज (१९४४–  ) ह्याने गिटारीचे अनेक थर परस्परांवर रचण्याचे तंत्र विकसित केले. ‘फिजिकल ग्राफिटी’ (१९७५) ह्या दोन तबकड्यांच्या संचातील ‘काश्मीर’ ही रचना विशेष उल्लेखनीय आहे. तिचा भौगोलिक काश्मीरशी संबंध नाही. तिची कल्पना दक्षिण मोरोक्कोतील वाळवंटी प्रवासात सुचली. तिच्यात ड्रम चार मात्रांच्या चालीने व गिटारची रिफ तीन मात्रांच्या चालीने जाते आणि दोन्ही बारा मात्रांनी एकत्र येतात. लयकारीची सवय असलेल्या भारतीय श्रोत्यास तिची गंमत समजण्यास अडचण पडू नये.

दोन वा तीन गिटारींच्या संवादावर आधारलेले वृंदही ह्याच काळात पुढे आले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ऑलमन ब्रदर्स बँडने दोन गिटारींवर एकच सुरावट तिसऱ्या स्वराच्या अंतराने समांतर वाजविण्याची रीत लोकप्रिय केली. डब्लिनच्या थिन लिझी ह्या वृंदात स्कॉट गोरम व ब्रायन रॉबर्टसन ह्यांनी १९७४ पासून ती अधिक घोटीव केली. गायक, बेसवादक व गीतकार फिल लिनट (१९४९–८६) ह्याच्या कथनपर गीतांना ती शोभून दिसली. ‘जेलब्रेक’ (१९७६) ही त्यांची गाजलेली ध्वनिमुद्रिका. तीन गिटारींचा लिनर्ड स्किनर्ड हा वृंद २० ऑक्टोबर १९७७ रोजी मिसिसिपी राज्यात झालेल्या विमान अपघातात उद्ध्वस्त झाला. सिडनीच्या एसी/डीसी ह्या वृंदाने मात्र उलट मार्ग धरला. ग्लासगोहून स्थलांतरित झालेल्या यंग कुटुंबातील माल्कम (१९५३–२०१७) व अँगस (१९५५–  ) ह्या भावांपैकी थोरला केवळ लय सांभाळी. दोन स्वरांमधील शांततेचा इतका काटेकोर उपयोग क्वचितच कोणी केला असेल. थोरल्या भावाचे हे काम श्रोत्यांच्या नजरेत फारसे भरले नाही. पण ते वगळले तर त्या वृंदाचे संगीत उरत नाही.

ध्वनिमुद्रणगृहातील फीत हा साखळीचा शेवटचा दुवा. १९७० च्या दशकाच्या मध्यास २४ मार्गांची फीतयंत्रे सर्रास उपलब्ध झाली. आधीच्या मुद्रणावर त्याच वादकाचे नवे वादन चढवीत नेणे सोपे झाले. क्वीन ह्या इंग्लिश वृंदाचा गिटारवादक ब्रायन मे (१९४७–  ) हा भौतिकीचा विद्यार्थी. त्याने १९६३ मध्ये वडिलांच्या साहाय्याने घरीच गिटार बनविण्यास घेतली. तिच्या मानेसाठी जुन्या शेगडीच्या चौकटीचे महॉगनी लाकूड, स्वर हलविण्याच्या यंत्रणेसाठी मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि तिच्या दांड्याच्या टोकासाठी विणकामाच्या सुईचे बोंड अशी सामग्री त्याने वापरली. नखीऐवजी तो सहा पेन्सचे नाणे वापरतो. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९७५) मधील ‘गुड कंपनी’ ह्या गीतात त्याने ट्रंपेट, ट्राँबोन व क्लॅरिनेट ह्यांचा आख्खा जॅझवृंद केवळ गिटारवर उभा केला. त्यासाठी वापरलेला चिमुकला विवर्धक वृंदातील बेसवादक जॉन डीकन ह्याने टाकाऊ मालात सापडलेल्या विद्युत् मंडलातून बनविला होता व तो बॅटरीवर चाले. ही ध्वनिमुद्रिका त्या वेळच्या सर्वांत खर्चिक ध्वनिमुद्रिकांत गणली गेली आणि तिच्यातील एक वैशिष्ट्यपूर्ण नाद मात्र कचऱ्यातून आला, हे लक्षणीय आहे. ह्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ हे सुमारे सहा मिनिटांचे गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव फारोख बलसारा, १९४६–९१) हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी, त्याचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले व तेथेच त्याने आपला पहिला वृंद काढला.

अमेरिकेत टॉम शोल्झ (१९४७–  ) ह्याने हीच पद्धत टोकास नेली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा हा पदवीधर पोलरॉइड कंपनीत अभियंता होता. पगारातून घेतलेल्या यंत्रांच्या आधारे त्याने घराच्या तळघरात बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून मुद्रणे तयार केली. ध्वनिमुद्रिका कंपनीला ती व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहात नव्याने करून हवी होती; प्रत्यक्षात बरेचसे काम तळघरातच पुरे झाले. ‘बॉस्टन’ (१९७६) ह्या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि एकट्या अमेरिकेत तिच्या १ कोटी ७० लाख प्रती प्रमाणित झाल्या. ती एवढी निर्दोष आहे की तिच्यात माणसाचा हात जाणवत नाही, असा आक्षेप घेण्यात येतो. ह्या आक्षेपात तथ्य असले, तरी हा हात मुख्यतः एकाच माणसाचा व रात्री जागून राबलेला होता, हेही विसरता येत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमांचे प्रमाणही बदलले. ५ मे १९७३ रोजी फ्लॉरिडातील टँपा येथील क्रीडांगणावर लेड झेपेलिनला ५६,८०० श्रोते लाभले. बीटल्सचा १९६५ मधील उच्चांक त्यामुळे मागे पडला. पीटर फ्रँप्टन (१९५०–  ) ह्याच्या ‘फ्रँप्टन कम्स अलाइव्ह’ (१९७६) ह्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणाने खपाचे विक्रम केले. गिटारचा स्वर नळीतून तोंडात घेऊन ओठांच्या हालचालींनी त्याला बोलते करण्याची त्याची युक्ती फार गाजली. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्लटन येथे ‘द हू’च्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजण्यात आला. वेदना सुरू होण्याची पातळी सामान्यतः १२० डेसिबलच्या आसपास मानतात, आणि दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. हा उच्चांक गिनेस ग्रंथात नोंदविला गेला. श्रवणशक्तीची हानी करणाऱ्या स्पर्धेस उत्तेजन नको, म्हणून पुढे तो प्रकारच त्या ग्रंथातून वगळण्यात आला. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड (१९४५–  ) ह्याने आपल्या कानांची झालेली हानी नंतर जाहीरपणे सांगितली. रंगमंचाच्या जवळ उभे राहिलेल्या श्रोत्यांच्या कानांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

श्रेयाचा प्रश्न अधिक जुना व अधिक कटू आहे. शिकागोच्या मडी वॉटर्स (मृ. १९८३) प्रभृती कृष्णवर्णीय वादकांनी गिटार विवर्धकाला जोडून ब्लूजची जी भाषा घडविली, तिच्यावरच गौरवर्णीय रॉकची इमारत उभी राहिली. ‘फिजिकल ग्राफिटी’तील ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ हे मुळात कृष्णवर्णीयांचे पारंपरिक भक्तिगीत असून ब्लाइंड विली जॉन्सन (१८९७–१९४५) ह्याने १९२० च्या दशकातच त्याचे एक रूप मुद्रित केले होते. लेड झेपेलिनच्या मुद्रिकेवर मात्र रचनाकार म्हणून वृंदातील चौघांचीच नावे आहेत. ह्याच वृंदाच्या १९६९ मधील ‘होल लॉटा लव्ह’ ह्या गीताबद्दल ब्लूजरचनाकार विली डिक्सन (१९१५–९२) ह्याने १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नंतर त्याचे नाव श्रेयनामावलीत आले. लोकसंगीतात उसनवारी चालतेच, असे समर्थन केले जाते. ते पूर्णतः खोटे नाही. परंतु लोकगीतावर कोणी स्वामित्वशुल्क घेत नाही आणि येथे ते घेतले जात होते.

समकालीन कृष्णवर्णीय गिटारवादकांचीही उपेक्षा झाली. आयझ्ली ब्रदर्स ह्या वृंदातील एर्नी आयझ्ली (१९५२–  ) ह्याचे ‘दॅट लेडी’ (१९७३) मधील वादन कोणत्याही रॉकवादकाच्या तोडीचे आहे. हेंड्रिक्स १९६४ मध्ये ह्याच कुटुंबाच्या वृंदात वाजवीत असे व त्यांच्या घरी राहत असे. लहानग्या एर्नीने त्याला जवळून ऐकले होते. परंतु अमेरिकन नभोवाणी केंद्रांनी श्रोत्यांची वर्णवार विभागणी केली असल्याने हे वादन ‘सोल’ ह्या सदरात ढकलले गेले. डिट्रॉइटच्या हॅक्नी बंधूंच्या ‘डेथ’ ह्या कृष्णवर्णीय वृंदाने १९७५ मध्ये मुद्रित केलेली वेगवान, कठोर गीते वृंदाचे नाव बदलण्यास नकार दिल्यामुळे पडून राहिली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली; पंक संगीताचा इतिहास त्यामुळे अंशतः नव्याने लिहावा लागला. बॉब मार्लीच्या गीताच्या आधारे १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम क्रमांक मिळविणाऱ्या क्लॅप्टनने ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून परदेशीय स्थलांतरितांविरुद्ध द्वेषपूर्ण उद्‌गार काढले. त्याच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ ब्रिटनमध्ये उभी राहिली. ब्लूजच्या ऋणावर जगलेल्या वादकाकडून हे व्हावे, ह्याचा धक्का मोठा होता.

स्त्रियांना ह्या क्षेत्रात गायिका म्हणून स्थान होते, गिटारवादक म्हणून जवळजवळ नव्हते. जून मिलिंग्टन (फॅनी हा वृंद), नॅन्सी विल्सन (हार्ट), जोन जेट व लीटा फोर्ड (१९७५ मध्ये स्थापन झालेला ‘द रनअवेज’ हा वृंद) हे सन्माननीय अपवाद होत.

विस्ताराविरुद्धची प्रतिक्रिया प्रथम इंग्लंडमधील मद्यगृहांच्या लहान खोल्यांत दिसली. एसेक्समधील कॅनव्ही आयलंडच्या डॉक्टर फीलगुड ह्या वृंदाने ‘डाउन बाय द जेटी’ (१९७५) ही ध्वनिमुद्रिका मुद्दाम एकमार्गी ध्वनीत काढली. तिचा गिटारवादक विल्को जॉन्सन (१९४७–२०२२) नखी न वापरता बोटांनीच रिफ व स्वरवाक्ये एकत्र वाजवी. दुसऱ्या गिटारीची गरजच उरत नसे. न्यूयॉर्कच्या रमोन्स ह्या वृंदाने १९७६ मध्ये सुमारे ६,४०० डॉलर खर्चून १४ गीतांची, २९ मिनिटांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तीत जॉनी रमोन (१९४८–२००४) ह्याने स्वतंत्र वादनाला जवळजवळ फाटा दिला व केवळ खालच्या दिशेच्या आघातांनी कॉर्डचा अखंड मारा केला. दिसते तितके हे सोपे नाही. त्या वेगाने अर्धा तास तसे वाजविणे कसलेल्या मनगटासही जड जाते. पंक ह्या नावाने हा प्रवाह ओळखला गेला. दोन-तीन कॉर्ड शिकून कोणीही वृंद काढावा, हा त्याचा संदेश होता. १९७३ नंतरच्या तेलटंचाईने तबकड्यांचा कच्चा माल महागला होता, ब्रिटनमध्ये बेकारी वाढत होती. अशा काळात ह्या संदेशाला तरुणांचा प्रतिसाद मिळणे स्वाभाविक होते. अमेरिकन गिटारींच्या जपानी नकला स्वस्तात मिळू लागल्याचाही त्यास हातभार लागला. त्यांतील एका नकलेच्या डोक्याच्या आकाराबद्दल गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये दावा लावला आणि तो आपसांत मिटला.

तथापि पंक व त्यापूर्वीचे रॉक ह्यांतील दरी वाटते तेवढी रुंद नाही. सेक्स पिस्टल्स ह्या वृंदाच्या १९७७ मधील ध्वनिमुद्रिकेवर स्टीव्ह जोन्स (१९५५–  ) ह्याने लेस पॉल गिटारीचे अनेक थर एकावर एक चढविले आहेत, आणि तिच्या निर्मात्यांपैकी क्रिस टॉमस हा १९७३ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या अंतिम मिश्रणात सहभागी होता. न्यूयॉर्कच्या टेलिव्हिजन ह्या वृंदाने ‘मार्की मून’ (१९७७) मध्ये दोन गिटारींचा दीर्घ, जवळजवळ विकृतीविरहित संवाद मांडून तिसरीच वाट दाखविली. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलन (१९५५–२०२०) ह्याने दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून वाजविण्याचे तंत्र लोकप्रिय केले आणि कौशल्याची स्पर्धा पुन्हा सुरू झाली.

भारतात ह्या संगीताचा प्रसार मर्यादित राहिला. आयातीवरील निर्बंधांमुळे चांगली विद्युत् गिटार व विवर्धक मिळणे दुरापास्त होते. मुंबईत हॉटेलांतील व महाविद्यालयांतील वृंद पाश्चात्त्य गीते वाजवीत. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा त्यांपैकी एक होय. बहुसंख्य भारतीयांच्या कानी विद्युत् गिटार पडली ती मात्र हिंदी चित्रपटगीतांतून. राहुल देव बर्मन (१९३९–९४) ह्यांच्या ‘दम मारो दम’ (१९७१) ह्या गीतातील गिटार गझलगायक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) ह्यांनी वाजविली होती. उलट दिशेने, विजेच्या गिटारीवर अतिवेगवान वादनासाठी प्रसिद्ध असलेला जॉन मॅक्लॉग्लिन (१९४२–  ) ह्याने १९७५ च्या सुमारास विद्युत् साखळी बाजूस ठेवून झाकीर हुसेन (१९५१–२०२४), एल्. शंकर व विक्कू विनायकराम ह्यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद उभारला. त्यासाठी खास बनवून घेतलेल्या गिटारीस तरफांसारख्या जादा तारा होत्या. लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट (१९४८–  ) हे १९७२ मध्ये मुंबईस आले असता त्यांनी येथील तबला व तंतुवाद्यांच्या वादकांसह ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ह्या आपल्या दोन रचना नव्याने मुद्रित केल्या. ही मुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास २०१५ साल उजाडले; त्यांवर मुंबईच्या वादकांचा निर्देश ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ ह्या सामुदायिक नावाने केला आहे.